बाहुलीच्या कार्डिगनसाठी ताणाचं कापड: मुंबईच्या बाजारात काय घ्यावं, काय टाळावं

साडेअकरा इंची बाहुलीला, म्हणजे बार्बीच्या मापाच्या बाहुलीला, साधं पुढून उघडं कार्डिगन शिवायचं तर कापड लागतं जेमतेम २४ बाय २० सेंटिमीटर. एवढ्याशा तुकड्यासाठी बाजार पालथा घालायला नको असं वाटतं, पण हे कार्डिगन बिघडतं ते शिलाईपेक्षा कापडामुळे. बाहुलीचं माप माणसाच्या साधारण एक षष्ठांश असतं. अर्धा मिलिमीटर जाडीचं कापड तिच्या अंगावर तीन मिलिमीटर जाड दिसतं आणि शर्टाचं दहा मिलिमीटरचं बटण सहा सेंटिमीटरचं. दुकानात बोटांना मऊ, छान लागलेलं कापड बाहुलीवर गोधडीसारखं का दिसतं, ते या हिशेबातून कळतं.

पहिली पसंती निःसंशय कॉटन लायक्राला. १६० ते १८० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं), फोर वे, सिंगल जर्सी, म्हणजे एकेरी विणीचं. दुकानात 'कॉटन लायक्रा' म्हटलं की दोनशेच्या पुढचं लेगिंगचं कापड समोर येतं. ते घेऊ नका, 'टी-शर्टचं पातळ दाखवा' म्हणा. नुसतं सिंकर, म्हणजे लायक्रा नसलेली साधी होजिअरी, स्वस्त असतं आणि पातळही, पण या कामात कमी पडतं. त्याचं कारण कटिंगमध्ये आहे. सोपं कार्डिगन टी आकारात अखंड कापतात, खांद्यावर घडी आणि बाह्या अंगालाच जोडलेल्या. अंगाचा घेर कापडाच्या आडव्या ताणावर येतो, तो सिंकरलाही भरपूर असतो. बाहीचा घेर मात्र उभ्या ताणावर येतो आणि तिथे सिंकर फारसं ताणलं जात नाही. मग बाही चढवताना कोपरावर अडते आणि काखेत टाका तुटतो. फोर वे कापड उभं-आडवं दोन्हीकडे ताणलं जातं म्हणून ही अडचण येत नाही.

दुकानात उभ्या-उभ्या तपासायच्या गोष्टी अशा. दहा सेंटिमीटर कापड चिमटीत धरून ताणा. आडवं पंधरापर्यंत आणि उभं साडेबारा-तेरापर्यंत गेलं पाहिजे. सोडल्यावर ते पुन्हा दहावर आलं पाहिजे. साडेदहाच्या पुढे राहिलं तर त्या कार्डिगनचे कोपर लवकरच फुगतात. ताणलेलं असताना आत पांढरे चकचकीत धागे दिसत असतील तर गडद रंगात ते कापड घेऊ नका, बाहुलीच्या खांद्यावर ते कायम दिसतील. शेवटी कापलेली कड ताणून पाहा. फासे सुटून शिडी पडायला लागली तर ताका परत ठेवायला सांगा, कारण इथे शिलाईत जेमतेम पाच मिलिमीटर दाब, म्हणजे टाक्याबाहेरचं कापड, सोडतो आणि एक फासा सुटला की तो थेट टाक्यापर्यंत जातो.

बाकीच्या कापडांबद्दल थोडक्यात. इंटरलॉकची कापलेली कड गुंडाळत नाही, कापायला फार सोयीचं, पण दुहेरी विणीमुळे जाड. अठरा इंची बाहुलीला उत्तम, बार्बीला नको. मलाई लायक्रा आणि डान्स ड्रेसचं चकचकीत लायक्रा घसरतं, इस्त्रीखाली वितळायची भीती असते, आणि कार्डिगनला जो मऊ मॅट पोत हवा तो त्यात नसतो. रिबच्या, म्हणजे उभ्या उठावदार रेघांच्या विणीच्या, ट्यूबमधून मनगटाच्या आणि कमरेच्या पट्ट्या कापायचा मोह होतो, तो आवरा. टी-शर्टच्या कॉलरची रिब बाहुलीच्या मनगटावर टायरसारखी बसते. विणलेल्या स्वेटरचा भास हवाच असेल तर बारीक रिबच्या चांगल्या बनियनचं कापड वापरून बघा. वीण बारीक, कापड मऊ, आणि उभ्या रेघा बाहुलीच्या मापात खऱ्या स्वेटरसारख्या दिसतात. अडचण रंगाची, बहुतेक वेळा पांढराच मिळतो. जुना टी-शर्टही चालतो, एका मोठ्या बाहीत एक कार्डिगन निघतं. फक्त गोळे आलेला आणि ताण गेलेला नको.

आता बाजार. निवडीच्या दृष्टीने क्रॉफर्ड मार्केटजवळचं मंगळदास मार्केट सगळ्यांत वरचं. गल्ल्या अरुंद आहेत, पण होजिअरीचे ताके एकमेकांशेजारी ठेवून पोत आणि रंग पडताळता येतात, आणि या कामात तेच महत्त्वाचं. रविवारी बंद असतं. बरेच दुकानदार पाव मीटर कापायला नाखूश असतात, त्यामुळे आधी कटपीसचा ढीग मागावा. दादर पूर्वेचा हिंदमाता परिसर ड्रेस मटेरियलसाठी चांगला आहे, ताणाच्या कापडासाठी निवड मर्यादित. जोराच्या पावसात तिकडे जाऊ नये, तिथे पाणी तुंबतं हे मुंबईकरांना सांगायला नको. मालाड पश्चिमेचं नटराज मार्केट उपनगरातल्या लोकांना सोयीचं. कापड, लेस, टिचबटणं, दोरे एकाच फेरीत होतात. बारीक मणी आणि मोती घ्यायचे तर भुलेश्वर.

घाऊक दुकानात होजिअरी किलोवर विकतात. १८० जीएसएमचं, दीड मीटर पन्ह्याचं कापड मीटरला साधारण २७० ग्रॅम भरतं, म्हणजे किलोत पावणेचार मीटरच्या आसपास. हा हिशेब माहीत असला की किलोचा भाव आणि मीटरचा भाव तिथल्या तिथे ताडून पाहता येतो. आपल्याला मात्र पाव मीटर पुष्कळ झालं. त्यात पाच कार्डिगन पुढच्या उघडणीच्या पट्ट्यांसह निघतात. काठाचा गोंद लावलेला भाग काटेकोरपणे टाळून बसवली तर सहा.

कापण्याआधी कापड भिजवून, सावलीत आडवं वाळवायचंच. कॉटन होजिअरी आटते. मोठ्या टी-शर्टला थोडंसं आटणं खपून जातं, नऊ सेंटिमीटर उंचीच्या कार्डिगनला नाही. लाल, मरून, नेव्ही ब्लू आणि काळा हे रंग पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावेत आणि ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावेत. बाहुलीचं अंग विनाईलचं असेल तर गडद रंग त्यात शिरतो आणि साबणाने निघत नाही. हे नुकसान कार्डिगनचं नसून बाहुलीचं आहे, म्हणून इथे घाई नको. दमट कपडा तिच्या अंगावर कधीच ठेवू नये.

माप मूळ बांध्याच्या बार्बीचं देतो आहे. २०१६ साली आलेल्या कर्व्ही, टॉल आणि पेटीट बांध्यांना हे बसणार नाही, त्यांचं छातीचं आणि हाताचं माप घेऊनच नमुन्याचा कागद कापावा. तयार अंगाची रुंदी ७ सें.मी., खांद्यापासून उंची ९, बाही ७.५ लांब, बाहीची सपाट रुंदी काखेत ३ आणि मनगटाशी २.५. सगळीकडे अर्धा सेंटिमीटर दाब. मागचा गळा ३ सें.मी. रुंद आणि अर्धा सेंटिमीटर खोल, पुढचा व्ही साडेतीन सेंटिमीटर खाली. पुढचा भाग मधोमध सरळ कापायचा. कागद कापडाच्या काठाला नव्हे तर विणीच्या उभ्या ओळीला समांतर ठेवा. सिंगल जर्सीची वीण बरेचदा काठाशी तिरकी असते आणि काठ धरून कापलं तर बाजूची शिवण धुतल्यावर पोटाकडे फिरते. खूण साबणाच्या पातळ चिपेने करावी. टेलरच्या खडूची रेघ दोन मिलिमीटर जाड पडते, इथे तेवढ्यात माप चुकतं.

सिंगल जर्सी गुंडाळते म्हणून लोक वैतागतात, पण तिचं गुंडाळणं ठरलेलं असतं. उभ्या ओळीने कापलेली कड उलट्या बाजूकडे वळते, आडवी कापलेली सुलट बाजूकडे. टी कटिंगमध्ये बाहीचं टोक उभ्या ओळीवर येतं, त्यामुळे ते आपणहून आत वळतं आणि मनगटाची दुमड सोपी जाते. खालचा घेर मात्र बाहेर वळतो. तिथे इस्त्रीची वाफ देऊन, गोंदाच्या कांडीचा पुसटसा हात फिरवून दुमड बसवावी. टाचण्या टाळा, एवढ्याशा तुकड्यात त्या कापड ओढतात. कड धाग्याने उसवत नाही, म्हणून दुमड एकेरीच. दुहेरी दुमड म्हणजे कमरेवर दोर.

सुईवर पैसे वाचवू नयेत. साध्या टोकदार सुईने होजिअरी शिवली की ती धागा भोसकते किंवा टाका सोडून देते, आणि कापड लहान असल्यामुळे तीन सुटलेले टाके म्हणजे अर्धी बाही उघडी. बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची, किंवा स्ट्रेच सुई घ्यावी, ११ नंबरची, म्हणजे ७५. श्मेट्झ कंपनीच्या स्ट्रेच सुईवर पिवळी खूण असते, जर्सीच्या सुईवर नारिंगी. लायक्रा असलेल्या कापडाला पिवळी बरी. ऑर्गन कंपनीची एचए बाय १ एसपी हीसुद्धा चांगली चालते. सुई घेताना मागचा दांडा बघा. घरगुती मशीनला एका बाजूने चपट्या दांड्याची लागते, कारखान्याच्या मशीनची पूर्ण गोल असते. दुकानदार नुसतं 'होजिअरीची सुई' ऐकून गोल दांड्याची देतात, आणि ती घरच्या मशीनला बसत नाही. दोरा पॉलिएस्टरचा, बारीक. सुती दोरा पहिल्याच ताणाला तुटतो.

झिगझॅग मशीन असेल तर रुंदी अर्धा ते एक मिलिमीटर, लांबी दोन. घरातलं काळं सरळ टाक्याचं मशीनही पुरेसं आहे. टाका दोन मिलिमीटर ठेवा, कापड दोन्ही हातांनी अगदी हलकं ताणून धरा आणि काखेत दुसरी ओळ घाला. जास्त ताणलं की शिवणीला लाटा येतात. कॉटन लायक्रामध्ये त्या वाफेने बसतात, पॉलिएस्टरमध्ये बसत नाहीत. सगळ्यांत मोठा त्रास सुरुवातीच्या टाक्याला होतो, मशीन कापडाचा कोपरा खाली ओढून गिळतं. त्यावर उपाय म्हणजे शिवण एका चिंधीवर सुरू करून तिथून कार्डिगनवर यायचं, दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवायची, आणि तरीही अडलं तर खाली पतंगाचा कागद घालून शिवून नंतर फाडून काढायचा. मशीनच्या पायाचा कापडावरचा दाब कमी करता येत असेल तर करावा.

गल्लीतल्या फॉल-पिकोच्या दुकानात हे तुकडे ओव्हरलॉकला देऊ नयेत. पाच-सहा मिलिमीटर रुंदीचं ओव्हरलॉक बाहुलीच्या काखेत मावत नाही, आणि पिको होजिअरीला ताणून झालरीसारखी कड करून देतं. झालरच हवी असेल तर खालच्या घेराला पिको सुरेख दिसतो, एरवी नको.

क्रम महत्त्वाचा. मनगटाच्या दुमडी सगळ्यांत आधी, कापड सपाट असताना. बाही नळी झाल्यावर ती पायाखाली जातच नाही. मग बाही आणि बाजू एकाच ओळीत शिवायच्या, काखेचा कोपरा गोल वळवत आणि तिथे टाका दीड मिलिमीटरचा ठेवत. काखेत टाक्याच्या एक मिलिमीटर अलीकडेपर्यंत दोन चिरा द्या. चिरा दिल्या नाहीत तर हात खाली केल्यावर तिथे गाठ उभी राहते. नंतर खालचा घेर, आणि शेवटी पट्टी.

पट्टी त्याच कापडाची, आडव्या ताणाच्या दिशेने कापलेली, २.४ सें.मी. रुंद आणि २२ लांब. उघडणीची पूर्ण कड, खालच्या दुमडीचा दाब धरून, सुमारे २३ भरते. हा एक सेंटिमीटरचा फरक फक्त मागच्या गळ्यात ताणून घ्यायचा. पुढच्या सरळ भागात पट्टी ताणली तर कार्डिगनचं पुढचं टोक वर चढतं, आणि ही चूक इस्त्रीने सुधारत नाही. लांबीत दुमडून, खालची टोकं शिवून उलटवून, चार मिलिमीटर दाबाने लावली की आठ मिलिमीटरची पट्टी उरते आणि दोन्ही पट्ट्या एकमेकींवर बरोब्बर बसतात.

बंद करायला पाच-सहा मिलिमीटरची टिचबटणं, दोन पुरतात, आणि वर शोभेला तीन मिलिमीटरचे मणी. मागे होजिअरीचाच दुहेरी तुकडा धरून टाचा, नाहीतर उघडताना कापडालाच भोक पडतं. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत लोखंडी टिचबटणं गंजून डाग सोडतात. पितळी किंवा पारदर्शक प्लॅस्टिकची मागावीत. वेल्क्रो बाहुलीचे केस आणि होजिअरीचे फासे दोन्ही ओढतो, तो वर्ज्य.

घालताना बाहुलीचा अंगठा बाहीच्या शिवणीत अडकतो. हाताच्या पंजावर दुधाच्या पिशवीचा धुतलेला छोटा तुकडा गुंडाळून बाही सरकवा आणि मनगटातून तो ओढून घ्या.