‘हाऊ स्ट्रेंज, इनोसन्स’ की ‘अंडर द पीपल ट्री’: आधी कोणता अल्बम ऐकावा?

शब्दांशिवायच्या रॉक संगीताकडे, म्हणजे पोस्ट-रॉक या प्रकाराकडे, नव्याने वळलेला श्रोता सहसा गाजलेल्या अल्बमपासून सुरुवात करतो. गुहागर किंवा मालवणसारख्या गावात राहणाऱ्याला तर दुसरा मार्गही नसतो, कारण असे कार्यक्रम झालेच तर मुंबई-पुण्याला होतात आणि वाडीत हे संगीत ऐकणारा आणखी कोणी भेटण्याची शक्यता कमीच. गाजलेले अल्बम ऐकून झाले, की या बँडांनी नाव होण्याआधी काय केले होते याची उत्सुकता वाटू लागते. त्या वाटेवर दोन अल्बम हमखास भेटतात: अमेरिकेतील ‘एक्स्प्लोजन्स इन द स्काय’चा ‘हाऊ स्ट्रेंज, इनोसन्स’ आणि जपानच्या ‘मोनो’चा ‘अंडर द पीपल ट्री’. दोन्हींपैकी आधी कोणता ऐकावा, आणि पैसे मोजून एकच घ्यायचा असेल तर कोणता घ्यावा, एवढ्यापुरताच हा आढावा आहे. माझा कौल पहिल्याकडे झुकतो, आणि पावसाळ्यात तर जरा जास्तच झुकतो.

‘एक्स्प्लोजन्स इन द स्काय’ हा चौघांचा बँड टेक्सासमधील ऑस्टिन येथे १९९९ मध्ये जमला. ड्रमवादक ख्रिस ह्रास्की याने उदास आणि तरीही विजयी वाटेल असा रॉक बँड हवा असल्याची चिठ्ठी लावली होती आणि मिडलंड गावचे तीन मित्र तिला उत्तर देऊन आले, अशी या बँडच्या जन्माची हकीकत आहे. जानेवारी २००० मध्ये, म्हणजे बँडला वर्षही पुरे झालेले नसताना, त्यांनी सात रचनांचा हा अल्बम केला आणि त्याच्या फक्त ३०० सीडी-आर (संगणकावर कोरता येणाऱ्या कोऱ्या सीडी) प्रती काढल्या. पुढे २००४ मधील ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ या चित्रपटाच्या संगीतामुळे त्यांचे नाव सर्वदूर झाले आणि २००५ मध्ये ‘टेम्पररी रेसिडन्स’ या कंपनीने हा अल्बम नव्याने बाजारात आणला. आज आपल्या हाती येतो तो या पुनर्प्रकाशनामुळेच.

‘मोनो’ची घडण वेगळी आहे. टोकियोत १९९९ मध्येच सुरू झालेल्या या बँडमध्ये दोन गिटार, बास आणि ड्रम अशी मांडणी होती. २००१ मध्ये निघालेला त्यांचा हा पहिला पूर्ण अल्बम जॉन झोर्न या अमेरिकी संगीतकाराच्या ‘झाडिक’ या कंपनीने काढला. ही कंपनी प्रयोगशील संगीतासाठी ओळखली जाते आणि त्या प्रयोगशीलतेची छाया अल्बमवर दिसते. आठ रचना सुमारे तासभर चालतात. त्यांत ‘होली’सारखी दोन मिनिटेही न भरणारी रचना आहे, तशी ‘एरर नंबर नाइन’ ही तेरा मिनिटांची लांबलचक रचनाही आहे. ज्यांनी ‘मोनो’चे नंतरचे, व्हायोलिन-चेलोच्या साथीने भरलेले काम आधी ऐकले आहे, त्यांना हा अल्बम बराच खडबडीत वाटेल.

दोन्ही बँड हळू सुरुवात करून आवाजाच्या लाटेपर्यंत पोहोचतात, म्हणून एकाच पंक्तीत बसवले जातात. कोकणातल्या श्रोत्याला ही चढण परकी वाटण्याचे कारण नाही. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, अभंग, गौळण होऊन बुवा गजरावर येतात तेव्हा पखवाज आणि झांज ज्या तऱ्हेने अंगावर येतात, तोच ताण इथे वेगळ्या वाद्यांत आहे. फरक असा, की गजरात लय वाढत जाते. या संगीतात लय बहुधा आहे तिथेच राहते आणि स्वरांची दाटी व आवाजाची पातळी वाढते. लय वाढण्याची वाट पाहत बसलेल्या श्रोत्याला म्हणूनच पहिल्या ऐकण्यात काहीच घडले नाही असे वाटते.

या चढणीची दोघांची रीत मात्र सारखी नाही. ‘हाऊ स्ट्रेंज, इनोसन्स’मध्ये गिटार एकमेकींत गुंफलेल्या असतात, एक साधी सुरावट वाजवते, दुसरी तिच्या मधल्या जागा भरते, आणि आवाज चढला तरी मूळ सुरावट कानाला धरून ठेवता येते. ध्वनिमुद्रण थोडे कच्चे आहे, ड्रम काही जागी पोकळ वाटतात, पण ते कच्चेपण सुरावटींना शोभते. शेवटची ‘रिमेंबर मी ॲज अ टाइम ऑफ डे’ ही रचना या अल्बममधली मला सर्वांत आवडणारी आहे, कारण तीत काही सिद्ध करण्याचा अट्टहास नाही. ‘अंडर द पीपल ट्री’ची पहिली रचना ‘करेलिया (ओपस २)’ बारा मिनिटांची आहे. ती जवळजवळ न ऐकू येणाऱ्या गिटारीपासून निघते आणि डिस्टॉर्शनच्या, म्हणजे गिटारच्या मुद्दाम फाटक्या केलेल्या आवाजाच्या, अशा भिंतीपर्यंत जाते, की सुरावट त्या भिंतीच्या आत कुठेतरी उरते. हा अनुभव दांडगा आहे. सोपा नाही.

आता ऐकण्याच्या जागेचा मुद्दा, जो शहरी समीक्षेत सहसा येत नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पडवीवर पत्रा असेल तर ‘करेलिया’ची पहिली काही मिनिटे पावसात वाहून जातात. ती ऐकू यावीत म्हणून आवाज वाढवला, की पुढचा स्फोट कानठळ्या बसवतो. ॲपमधली आवाज समान करण्याची सोय येथे उपयोगी पडत नाही, कारण ती संपूर्ण रचनेचा आवाज एकसारखा वर-खाली करते आणि आतला चढ-उतार तसाच राहतो. बाहेरचा आवाज कापणारे हेडफोन रेल्वेच्या घरघरीसारख्या खालच्या, सलग आवाजावर चांगले चालतात. पत्र्यावरच्या तडतडीत वरचे स्वर भरपूर असल्याने तिथे ते कमी पडतात आणि कान पूर्ण झाकणारे साधे, जाड गादीचे हेडफोनही बरेच काम करून जातात. ‘हाऊ स्ट्रेंज, इनोसन्स’मध्येही हळुवार भाग आहेत, पण त्यांचा तळ इतका खोल नाही, त्यामुळे कौलारू घरात, माजघरातल्या साध्या स्पीकरवरही तो निभावतो.

मोबाइलवर थेट ऐकणाऱ्यांनी अल्बम आधी उतरवून घ्यावा. कोकण रेल्वेने प्रवास करत असाल तर हे अधिकच खरे, कारण रत्नागिरीच्या उत्तरेला करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा ऐन रचनेच्या मध्यावर आला, तर सगळी चढण वाया जाते. ३२० केबीपीएसच्या एमपी३ला मिनिटाला २.४ एमबी लागतात. म्हणजे तासाभराचा अल्बम दीडशे एमबीच्या आत बसतो आणि रेंज बरी असताना सहज उतरतो. एका रचनेचे शेपूट दुसरीत मिसळणारी क्रॉसफेडची सोय चालू असेल तर ती बंद करावी, नाहीतर मुद्दाम ठेवलेली शांतता हरवते.

वस्तू म्हणून अल्बम हवा असेल, तर माझ्या मते कोकणात सीडी बरी. एलपी तबकडीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटेच नीट मावतात, त्यामुळे तासाभराच्या ‘मोनो’ला दोन तबकड्या लागतात, आणि खरखर ऐकू येते ती नेमकी त्याच्या शांत जागांमध्येच. शिवाय दमट हवेत पुठ्ठ्याच्या वेष्टनाला बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो. सीडीच्या आतल्या पुस्तिकेचीही तीच गत होते, पण ती डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवता येते. तबकड्यांसाठी कपाटच सांभाळावे लागते.

इलेक्ट्रॉनिक सुरांची आवड असलेल्यांसाठी ‘गॉड इज ॲन ॲस्ट्रोनॉट’ या आयरिश बँडचा २००२ चा ‘द एंड ऑफ द बिगिनिंग’ हा तिसरा पर्याय आहे. दोघा किन्सेला भावांनी तो संगीतव्यवसायाला रामराम म्हणून केला होता आणि नंतर बँड दोन दशकांहून अधिक काळ चालला, ही त्यातली गंमत. या दोन अल्बमच्या तुलनेत तो हलका आहे.

माझा कौल उलटा पडेल अशी एक परिस्थिती आहे. ज्याचे कान हेवी मेटलवर तयार झाले आहेत आणि ज्याच्याकडे डिसेंबर-जानेवारीतली रिकामी रात्र व बंद खोली आहे, त्याने ‘अंडर द पीपल ट्री’च आधी घ्यावा, त्या श्रोत्याला ‘हाऊ स्ट्रेंज, इनोसन्स’ गोडगोड वाटण्याचा धोका आहे. तरीही ठरत नसेल, तर दोन्हींतल्या लांब रचना, ‘टाइम स्टॉप्स’ आणि ‘एरर नंबर नाइन’, वेगवेगळ्या दिवशी एकेकदा सलग ऐकाव्यात आणि जिच्या मध्यावर पुढची रचना लावण्यासाठी हात मोबाइलकडे गेला नाही, तिचा अल्बम विकत घ्यावा.