मरीन कोलॅजन पावडर, 200 ग्रॅमचा डबा: पाचपैकी दोन तारे

मासे साफ करताना आमची आई पडवीत पेपर पसरते. खवले, कातडी, काय निघेल ते सगळं माडाच्या मुळात. तोच ऐवज, म्हणजे त्यातून काढलेलं कोलॅजन, कातडीला घट्ट ठेवणारं प्रथिन, संत्र्याचा वास लावून मी 1,399 रुपयांना आणला. तीनदा.

डब्यावर लिहिलंय रोज 10 ग्रॅम आणि 'आठ आठवड्यांत सुरकुत्या कमी'. म्हणजे तीन डबे, 4,197 रुपये. पाण्यात विरघळते छान, गुठळी होत नाही. चहात मात्र घालू नका. गरम झालं की संत्रं पळून जातं आणि मागे बंदरावरचा वास उरतो. रत्नागिरीत जन्म गेलाय, हा वास मला कोणी ओळखायला शिकवायला नको.

लाजेची गोष्ट अशी की मी शाळेत विज्ञान शिकवते. प्रथिनं पोटात गेली की त्यांची अमिनो आम्लं होतात, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. मग खाल्लेलं कोलॅजन थेट डोळ्यांखाली कसं जाऊन बसेल? पण तेवढ्यावर ते थोतांडही म्हणता येत नाही. त्याचे काही बारीक तुकडे, दोन-दोन अमिनो आम्लांच्या जोड्या, न तुटता रक्तात उतरतात, हे मोजलेलं आहे. त्यांनी कातडीत काही घडतं का, हा खरा वाद.

कंपनीला मेल केला, पुरावा द्या म्हणून. उत्तरात 2014 चा एक अभ्यास आला: 69 बायका, वय 35 ते 55, आठ आठवडे. त्वचेची लवचिकता वाढलेली दिसली, हे खरंच. पण त्यातलं कोलॅजन दुसऱ्याच कंपनीचं होतं आणि मात्रा अडीच आणि पाच ग्रॅम. मग मला 10 ग्रॅम कशाला? त्यावर उत्तर नाही.

पुढचं मी स्वतः शोधलं. 2025 मध्ये अशा 23 चाचण्या, मिळून 1,474 माणसं, एकत्र करून पाहिल्या गेल्या. सगळ्या मिळून फायदा दिसतो. पण पैसा कुणाचा, यावरून वेगळ्या काढल्या, तर कंपन्यांच्या पैशांवर झालेल्या चाचण्यांत फायदा, आणि बाकीच्यांत काहीच नाही! हे वाचलं तेव्हा तिसरा डबा अर्धा झाला होता.

आमच्या स्टाफरूममधल्या एका शाकाहारी बाईंनी हिरव्या ठिपक्याचं 'व्हेज कोलॅजन' घेतलंय. आत आवळा आणि बायोटिन. वनस्पतीत कोलॅजन नसतंच, पण त्यांना सांगायची हिंमत झाली नाही. शरीराला कोलॅजन बनवायला क जीवनसत्त्व लागतं, तेव्हा आवळा अगदीच वाया नाही. माझ्या डब्यातही ते आहे, मात्रेला 40 मिलिग्रॅम. एका पेरूत त्याहून बरंच जास्त मिळतं.

खिडकीशी, सकाळी आठच्या उजेडात, पहिल्या आणि छप्पन्नाव्या दिवशी फोटो काढले. लेकीला तारखा झाकून दाखवले. नंतरचा म्हणून तिने आधीचा उचलला. नखं कमी तुटली असं वाटतं, पण त्याच दोन महिन्यांत भांड्यांना बाई लावली होती.

एक तारा विरघळण्याला, दुसरा आतल्या चमच्याला. नेमका 10 ग्रॅमचा आहे, सध्या चहा पावडरच्या डब्यात असतो.