स्टाईलची सामायिक लायब्ररी चालवतोय, आतापर्यंतचा अनुभव

आमच्या ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवाल्यांची स्टाईलची (म्हणजे कॉर्ड दाबली की कीबोर्ड आपोआप ठेका आणि साथ वाजवतो, त्या फायलींची) एक कॉमन ड्राईव्ह आहे, ज्याने जो ठेका बनवला त्याने तो तिथे टाकायचा आणि बाकीच्यांनी फुकट वापरायचा. गिरगाव, भांडुप, डोंबिवली, वसई, सगळीकडची माणसं आहेत. गेल्या गणपतीपासून ती मी सांभाळतोय, म्हणजे येणारी प्रत्येक फाईल कीबोर्डवर लावून ऐकायची, नाव द्यायचं, शीटमध्ये लिहायचं. बरेच जण विचारतात की असलं काहीतरी आपणही सुरू करावं का, म्हणून लिहितोय.

फायली गोळा करणं काहीच नाही हो. एका कीबोर्डवर मस्त वाजणारी स्टाईल दुसऱ्यावर ऐकवत नाही, खरं दुखणं हे आहे. स्टाईलमध्ये आवाज रेकॉर्ड केलेला नसतो, नुसत्या मिडी नोटा, म्हणजे कुठला सूर कधी आणि किती जोरात वाजवायचा याच्या सूचना असतात आणि 'अमुक बँकेतला अमुक टोन लाव' अशी ऑर्डर असते, तो टोन समोरच्याच्या मॉडेलमध्ये नसेल तर कीबोर्ड जवळचा काहीतरी उचलतो. १९९१ च्या जनरल मिडीत, म्हणजे सगळ्या कंपन्यांच्या सामायिक टोन-यादीत, १२८ टोन ठरवले, त्यात सतार आहे, शहनाई आहे, पण ड्रमच्या यादीत तबला नाही नि ढोलकी पण नाही. त्यामुळे यामाहाच्या इंडियन मॉडेलवर बनवलेली झकास लावणी साध्या कीबोर्डवर लावली की ढोलकीच्या जागी आगोगो (घंटीसारखं वाद्य) आणि मध्येच शिट्टी. पोरं हसून हसून बेजार. म्हणून आता कुठल्या मॉडेलवर बनवली ते लिहिल्याशिवाय फाईल घेतच नाही. फायली एकाच कंपनीच्या असल्या तरी भानगड संपत नाही, यामाहाच्या एसएफएफ २ या नव्या फॉरमॅटमधली स्टाईल जुन्या कीबोर्डला कळत नाही. आणि कॉर्ग या दुसऱ्या कंपनीच्या कीबोर्डवरनं कन्व्हर्ट केलेली असेल तर नोटा येतात पण ड्रम किटची मांडणी (कुठल्या कीवर कुठलं वाद्य) वेगळी, बसून एकेक नोट हलवावी लागते.

दुसरं म्हणजे पट्टी. आपल्याकडे गायक सांगतो काळी चार, वादक सी मध्येच बोटं ठेवून ट्रान्सपोज मारतो, म्हणजे बटणाने पट्टी बदलतो, बास, गिटार, स्ट्रिंग्ज सगळं वर जातं पण तबला ड्रम किटमध्ये असल्यामुळे जागचा हलत नाही. चाट, म्हणजे तबल्याच्या काठावरचा सुरेल ठोका, भलत्याच सुरात टणटणत राहते. ढोलताशात चालून जातं, भजनात अजिबात नाही, आणि समोर बसलेल्या आजोबांना ते बरोबर कळतं. म्हणून भजनी ठेक्याच्या आम्ही दोन-तीन फायली ठेवतो, चाट वेगवेगळ्या पट्टीला लावून. तानपुऱ्याचं याच्या उलट. यामाहाची स्टाईल साधारण सी मेजर सेव्हन या कॉर्डमध्ये रेकॉर्ड करतात आणि तुम्ही एफ दाबला की त्यातली प्रत्येक फ्रेज एफला जाते, म्हणजे तुमचा सा पण गेला. त्या ट्रॅकला एनटीआर रूट फिक्स्ड आणि एनटीटी बायपास (कॉर्डप्रमाणे नोटा कशा बदलायच्या ते ठरवणारं सेटिंग) करून ठेवलं की कॉर्ड काही पण दाबा, सा जागेवर, आणि ट्रान्सपोज केलं की पट्टीबरोबर सरकतो. एवढं एक सेटिंग न केल्यामुळे कितीतरी चांगल्या भक्तीच्या स्टाईल लोकांनी भंकस म्हणून काढून टाकल्यात.

दहा मात्रांचा झपताल ५/४ च्या, म्हणजे पाच-पाच मात्रांच्या, दोन बारमध्ये बसवतात. फिल (मध्येच वाजणारा भरणीचा तुकडा) एका बारचा असतो आणि तो संपला की मेन, म्हणजे मुख्य ठेका, पहिल्यापासून चालू होतो, त्यामुळे पहिल्या बारमध्ये फिल मारलात तर तुमची सम आली आणि गायक सहाव्या मात्रेवर. शीटमध्ये लाल अक्षरात लिहिलंय की फिल दुसऱ्या बारमध्येच मारा. तरी मारतात.

आतापर्यंतचं सगळ्यात भारी योगदान कीबोर्डवाल्याचं नाहीच, वरळी कोळीवाड्याकडच्या एका ऑक्टोपॅडवाल्याचं (काठीने वाजवायचे इलेक्ट्रॉनिक ड्रम पॅड) आहे. त्याने ६/८ चा कोळी ठेका हाताने वाजवून दिला आणि वर बजावलं की क्वांटाइझ करायचं नाही, म्हणजे ठोके मशीनने काटेकोर लयीवर ओढायचे नाहीत. एकाने हौसेने केलं, सगळे ठोके रेषेत आले आणि ठेका मेला. शेवटचा ठोका तो किंचित मागे सोडतो, सगळी झिंग त्यातच आहे. स्टाईलच्या फाईलमध्ये एका मात्रेचे १९२० भाग पडतात, एवढी बारीक जागा आहे तर हात जसा पडला तसा ठेवा की! वसईच्या एका काकांचे लग्नाच्या गाण्यांचे ठेके पण असेच, इंट्रो साधे, फिल कमी, गायकाला जागा सोडणारे. याउलट नवीन पोरांच्या स्टाईलमध्ये आठही ट्रॅक एकदम बोंबलत असतात, हेडफोनवर बनवलेला बास हॉलच्या स्पीकरवर गेला की छाती हादरते.

नावांचा तर वेगळाच तमाशा. 'नवीन लावणी फायनल खरी २' असल्या नावाने काय शोधायचं? मी ठेका, लय, मॉडेल, चाटेची पट्टी अशा क्रमाने नाव देतो. बऱ्याच जणांना गाण्याच्या नावानेच पाहिजे असतं, त्यांचंही बरोबर आहे, स्टेजवर फर्माईश आली की ताल कोण आठवत बसणार, म्हणून शीटमध्ये गाण्याचा कॉलम वेगळा ठेवलाय. पण विकत घेतलेल्या स्टाईल आणि गाण्याची ओरिजिनल धून जशीच्या तशी टाकलेले इंट्रो मी परत पाठवतो, यावरून दोघे-तिघे रागावून गेले. जाऊ देत.

आरतीसाठी मात्र कुठलीच स्टाईल पुरी पडत नाही. मंडळात लय वाढतच जाते आणि टाळ्या कीबोर्डचं ऐकत नाहीत, टॅप टेम्पोवर (ठोकून लय देण्याच्या बटणावर) बोट ठेवूनच वाजवावं लागतं.

तर सुरू करायचं असेल तर खुशाल करा, फक्त ऐकून तपासणारा एक माणूस पाहिजे, नाहीतर महिन्याभरात कचऱ्याचा डबा होतो. सध्या आमच्याकडे धड दीपचंदी तालाची स्टाईल नाहीये, कोणाकडे असेल तर द्या. मॉडेल लिहून द्या. आणि गणपतीच्या दहा दिवसांत पाठवू नका, तेव्हा मी पण कुठल्यातरी स्टेजवर असतो.