खाजीत की टिफलिंग?

इंदूरला रामबागेत, पोहे-जिलबी खात, भाच्याच्या लॅपटॉपवर ‘स्कायरिम’ आणि ‘बाल्डर्स गेट ३’ हे दोन गेम पाहिले; दोन्हींत आधी आपल्या पात्राचा वंश निवडायचा. ‘स्कायरिम’मध्ये (२०११) मांजरमुखी खाजीत वंश निवडला की लपतछपत वावरण्याच्या कौशल्यात मूळ १५ वर १० जादा, कुलपं उघडणं, खिसे कापणं यांतही ५-५ वाढीव. गावकरी खाजीतांना चोर समजतात, त्यांचा तांडा वेशीबाहेर. म्हणजे गावाचा पूर्वग्रह गेमच्या आकड्यांनीच खरा ठरवला!

‘बाल्डर्स गेट ३’मध्येही (२०२३) शिंगवाल्या टिफलिंगांना लोक हाकलतातच. पण जादाचे २ आणि १ गुण ताकद, चपळाई अशा कुठल्या क्षमतांत घालायचे ते आपण ठरवायचं, वंशाने नाही. मला हाच पटला. (मराठी ऐकून ‘इंदूरचे का?’ विचारणाऱ्या पुणेकरांनी जरूर खेळावा.)

भाचा मात्र खाजीतच घेतो. “मामा, चोऱ्या सोप्या जातात ना!”