महाग हेल्मेट, अकरा महिने आणि नखाएवढा एक दात

गेल्या महिन्यात माझ्या हेल्मेटच्या काचेचा पहिला टप्पा गेला. काच शाबूत आहे, पट्टा शाबूत आहे, कवचावर ओरखडासुद्धा नाही. काच हव्या त्या उंचीवर अडकून राहावी म्हणून बाजूच्या प्लेटवर बारीक दात असतात. त्यातला डावीकडचा सगळ्यात खालचा, नखाच्या टोकाएवढा दात झिजून तुटला. आता काच पूर्ण बंद राहते, अर्धी राहते, पूर्ण वर राहते. फक्त दोन-तीन मिलिमीटर उघडी राहत नाही. चष्मा नसलेल्यांना वाटेल, एवढ्यासाठी काय लिहायचं. मला चष्मा आहे, आणि माझं पावसातलं सगळं चालवणं त्या दोन-तीन मिलिमीटरवर उभं आहे.

कंपनीला फोन केला. "मॅडम, ती प्लेट सुटी येत नाही." बरं, मग प्लेटसकट काचेचा पूर्ण सेट द्या. "या मॉडेलचा सेट आता बंद झालाय मॅडम. नवीन मॉडेल आलंय, त्यावर तुम्हाला सवलत देऊ." मी तीन वेळा फोन केला, दोन मेल केले, फोटो पाठवले, मापं पाठवली. उत्तर तेच. एकदाही न पडलेलं, अकरा महिने जपून वापरलेलं हेल्मेट एका दातापायी टाकून द्यायचं, हा हिशेब मला पटतच नाही. त्या रागात लिहायला घेतलेला अनुभव खूप कडक होता. मधल्या तीन आठवड्यांत एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली, म्हणून तो तसाच टाकला नाही. राग मात्र अजून आहे.

आता आधीपासून सांगते. याच्या आधीचं माझं हेल्मेट अगदी साधं होतं. नव्याची किंमत त्याच्या साडेतीनपट. मी सहजासहजी पैसे सोडणाऱ्यातली नाही, त्यामुळे घेण्याआधी दोन महिने वाचत होते. वाचून जे हाती आलं ते खर्चाच्या विरोधातच जाणारं होतं. ब्रिटनमध्ये सरकारची शार्प नावाची योजना आहे, 2007 पासूनची. ते एकेका मॉडेलवर 32 आघात करून बघतात आणि एक ते पाच तारे देतात. त्यांच्या यादीत स्वस्त हेल्मेटांना पाच तारे आहेत आणि त्याच्या कितीतरी पट किमतीच्या नामांकित हेल्मेटांना तीनच. म्हणजे किमतीचा आकडा बघून डोकं किती वाचेल ते कळत नाही. मग जास्तीचे पैसे जातात कुठे?

बरेचसे कवचात जातात. स्वस्त हेल्मेटचं कवच एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकांचं, साच्यात ओतून झटपट निघणारं. महागाचं फायबरग्लास किंवा कार्बनचं, थरावर थर देऊन केलेलं, म्हणून मजुरी जास्त. पण परीक्षेला दोन्ही सारख्याच उंचीवरून आपटतात. आणि डोक्याचा मार खरा शोषून घेतो तो आतला थर्माकोल. तो चेपतो, डोकं थांबायला थोडी जागा आणि थोडा वेळ मिळतो. एकदा चेपला की परत फुगत नाही, म्हणून एका अपघातानंतर हेल्मेट संपलं.

शिक्क्यांबद्दल थोडक्यात. डॉट अमेरिकेचा, ईसीई युरोपात चालणारा, आयएसआय आपला भारतीय, आणि स्नेल एका खासगी अमेरिकन संस्थेचा; प्रत्येकाचा नियम वेगळा. अमेरिकेच्या डॉटमध्ये कंपनीच स्वतः शिक्का लावते आणि सरकार नंतर बाजारातून नमुने उचलून तपासतं. ईसीईमध्ये विक्रीआधी तपासणी लागते, आणि तिच्या 22.06 या आवृत्तीत तिरकस आघातही आला, म्हणजे डोकं गरकन फिरलं तर काय होतं ते मोजतात. पट्ट्याला शिवलेल्या पट्टीवर गोलात ई आणि एक आकडा दिसेल, तो मान्यता देणाऱ्या देशाचा. शेजारी पी असेल तर हनुवटीचा भागही संरक्षणासाठी तपासलाय. एनपी असेल तर तो भाग संरक्षणाचा धरलेला नाही. पुढचा भाग वर उचलता येणारं हेल्मेट घेताना हे अक्षर जरूर बघा. माझ्या हेल्मेटवर 22.06 आणि पी आहे.

इतकं वाचून मी ठरवलं होतं की शिक्का खरा असलेलं, मधल्या किमतीचं काहीतरी घ्यायचं. बेत फिरला तो मापामुळे.

माझ्या डोक्याचा घेर 54 सेंटिमीटर. भुवयांच्या वर आणि मागे डोक्याचा जो सगळ्यात बाहेर आलेला भाग, त्यावरून टेप फिरवायचा. स्वस्तात बहुतेक सगळ्या मापांना एकच कवच असतं. लहान डोक्याला तेच मोठं कवच देतात आणि आत स्पंज वाढवून भरतात. नवं असताना ते घट्ट बसतं. माझ्या जुन्याचा स्पंज सहा-सात महिन्यांत दबला. एक दिवस पट्टा नीट लावलेला असताना नवऱ्याला म्हटलं, मागची कड धरून पुढे ओढून बघ. हेल्मेट कपाळावरून घसरत पार नाकापर्यंत आलं आणि आणखी थोडं ओढल्यावर सरळ त्याच्या हातात. पट्टा लावलेलाच होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. रोज ते घालून कामाला जात होते. वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन समूहाच्या 2008 च्या आढाव्यात आलंय की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्के आणि डोक्याला इजा होण्याचा सुमारे 69 टक्के कमी होतो. पण तो फायदा हेल्मेट डोक्यावर राहिलं तर.

नव्या हेल्मेटला मापांनुसार तीन आकारांची कवचं आहेत, माझ्या मापाला सगळ्यात लहान. पहिले पंधरा दिवस गाल इतके दाबले जायचे की बोलताना आतून गाल चावला जायचा. चष्म्याची दांडी कानावर रुतायची. आधी हेल्मेट, मग चष्मा आत सरकवायचा, आणि दांडी सरळ असेल तर बरं, हे शिकायला आठवडा गेला. केसांचा अंबाडा ठेवून चालत नाही, मानेजवळ सैल वेणीच घालावी लागते. तीन महिन्यांनी मी मैत्रिणीला लिहिलं होतं, "एवढे पैसे घालवायची गरज नव्हती, मानही दुखते." घरच्या काट्यावर ते जुन्यापेक्षा तीनशे ग्रॅमने जास्त भरतं.

ते मत मी आता मागे घेते. मान दुखणं त्यानंतर महिन्याभराने थांबलं. गालाच्या गाद्या बसल्या पण सैल झाल्या नाहीत. अकरा महिन्यांनंतरही हनुवटीकडचा भाग धरून डावी-उजवीकडे हलवलं तर गालाची कातडी सोबत सरकते, हेल्मेट एकटं फिरत नाही. मागून ओढून बघितलं, भुवईच्या खाली येत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी साडेतीनपट पैसे वसूल झाले. तुमचं डोकं मध्यम मापाचं असेल आणि साधं हेल्मेट घट्ट बसत असेल, तर तेवढे घालवायची गरज नाही, हेही तितकंच खरं.

पट्ट्याला दोन कड्यांची डबल डी-रिंग आहे. हातमोजे घालून ती लावणं सुरुवातीला फार वेळखाऊ वाटायचं. खटकन लागणाऱ्या बकलची सवय होती. पण त्या बकलची लांबी एकदा बसवली की आपण विसरतो आणि पट्टा हळूहळू सैल होत जातो; कड्यांचा पट्टा दर वेळी नव्याने आवळला जातो. आता हात आपोआप जातो. आवाज पूर्वीपेक्षा कमी, तरी लांबच्या प्रवासाला मी कानात बोळे घालतेच. 100 डेसिबलचा आवाज पंधरा मिनिटांपेक्षा जास्त सहन करू नये असं अमेरिकेतली कामगार-आरोग्य संस्था सांगते, आणि हमरस्त्याच्या वेगाला कोणत्याही हेल्मेटमध्ये वाऱ्याचा आवाज त्याच्या आसपास जाऊ शकतो.

आता परत दाताकडे.

पावसात काच बंद केली की श्वासाची वाफ धरते. त्यावर पिनलॉक आहे: काचेच्या आतून दुसरी पातळ काच, कडेने सिलिकॉनची रेघ, मध्ये हवेचा थर. ती बाहेरची काच उत्तम स्वच्छ ठेवते, कौतुकच आहे तिचं. पण ती माझ्या चष्म्याला काही करू शकत नाही. सिग्नलला थांबलं की चार श्वासांत चष्मा पांढरा होतो, पुढच्या गाडीचा दिवा लाल ढगासारखा दिसायला लागतो. त्या वेळी काच एक टप्पा उघडली की खालून गार हवेची बारीक रेघ येते आणि चष्मा मधून कडेकडे साफ होत जातो. पूर्ण उघडली तर पाऊस थेट डोळ्यांत. अर्धी उघडली तर चष्म्यावर थेंब. पहिला टप्पाच हवा. तो गेल्यापासून मी डाव्या हाताच्या अंगठ्याने काच उचलून धरत होते, म्हणजे क्लच सोडून. हे धोक्याचं आहे आणि ते मी दोन आठवडे केलं.

याच काळात जुनं हेल्मेट बघितलं. त्याचा दात दीड वर्षापूर्वी असाच गेला होता. प्लेटची जोडी किरकोळ पैशांत मिळाली, दोन स्क्रू काढून पाच मिनिटांत बसवली. त्याची काचही आजपर्यंत सुटी मिळते. साडेतीनपट किमतीची कंपनी जे देत नाही ते स्वस्तवाली मुकाट्याने देते. कोणी विचारलं की कोणतं घेऊ, तर माझा पहिला प्रश्न आता हाच: काच, प्लेट आणि गाद्या सुट्या मिळतात का, आणि किती वर्षं मिळतील? काच ही घासली जाणारी, बदलावी लागणारी वस्तू आहे. बऱ्याच कंपन्या हेल्मेट पाच वर्षांनी बदला म्हणतात. मग पाच वर्षं सुटे भाग द्यायला हवेत. (डिंक लावून दात चिकटवू नका. पॉलिकार्बोनेटला काही रसायनं तडे पाडतात, आणि थर्माकोल तर पेट्रोलने विरघळतो.)

मग ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे हेच मॉडेल असल्याचं कळलं. चार महिन्यांपूर्वी ते घसरून पडले होते. मनगट मोडलं, डोक्याला काही नाही. हेल्मेट त्यांनी माळ्यावर टाकलं होतं, म्हणाले, "घेऊन जा ताई, प्लेट काढून घे." घरी आणून ओट्यावर ठेवलं. बाहेरून मागच्या बाजूला तळहाताएवढा खरवडलेला पट्टा, रंग गेलेला, बस. मला वाटलं, एवढंच? मग आतलं अस्तर बटणं सोडवून काढलं. खरवडल्या जागेच्या बरोबर आत थर्माकोलचा तुकडा दबून सपाट झाला होता, अंगठा ठेवला तर त्यात बसेल इतका. त्याच्या कडेने केसासारखी भेग वर टाळूपर्यंत गेलेली. बाकी सगळीकडचे दाणे गोल, फुगीर. त्या जागेचे चपटे, एकमेकांत घुसलेले. मी कितीतरी वेळ तिथे बोट फिरवत बसले. तो सगळा मार त्यांच्या कवटीत जायचा होता.

स्वस्त हेल्मेटनेही हे केलं असतं का? शिक्का खरा असता आणि मापाने घट्ट बसलं असतं, तर बहुधा हो. माझं ते सैल झालेलं जुनं मात्र त्या क्षणी डोक्यावर राहिलं असतं असं मला वाटत नाही. ते मी कात्रीने पट्टे कापून फेकून दिलं. धाकट्या भावाला द्यायचं ठरलं होतं, दिलं नाही. त्याच्या डोक्याचं माप घेऊन ठेवलंय.

सहकाऱ्यांच्या हेल्मेटच्या बाजूला धक्का नव्हता, दोन्ही प्लेट तपासून बघितल्या, दात पूर्ण. डावी काढून माझ्याला लावली. काच खाली घेऊन अंगठ्याने जरा वर ढकलली, टक् आवाज आला आणि ती तिथेच राहिली. उजवी प्लेट डब्यात जपून ठेवली आहे, कारण माझ्या हेल्मेटचा उजवीकडचा दातही आता झिजलेला दिसतो.

कंपनीला तिसरा मेल केलाय, दोन्ही प्लेटच्या फोटोंसकट. सुटे भाग विकायला लागा, एवढंच मागितलंय. तोवर डोक्याच्या बाबतीत या हेल्मेटला माझे पूर्ण गुण आणि सर्व्हिसला शून्य.