शेवटच्या फ्रेटपुढचं चाक: बासचा ट्रस रॉड बरेच महिने वापरल्यानंतर

बास गिटार घेताना पिकअप, लाकूड, रंग यांवर भरपूर चर्चा होते. नेकच्या, म्हणजे लांब दांड्याच्या, आत बसवलेला आणि त्याचा वाक सांभाळणारा धातूचा ट्रस रॉड कुठून फिरवायचा, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. हा चार तारांचा, 34 इंची स्केलचा (म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या लांबीचा) बास बरेच महिने जवळजवळ रोज वाजवल्यावर माझं ठाम मत आहे की त्यातली सगळ्यात मोलाची सोय तीच आहे. नेक बॉडीला मिळतो तिथे, शेवटच्या फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) पुढे, कडेला भोकं असलेलं एक छोटं धातूचं चाक दिसतं. भोकात बारीक स्क्रूड्रायव्हर घालायचा आणि चाक ढकलायचं, बस. तारा काढाव्या लागत नाहीत, नेकही खोलावा लागत नाही. म्युझिक मॅन कंपनीच्या बासवर अशी चाकं पूर्वीपासून आहेत, आता इतरही देतात. जुन्या फेंडर धाटणीच्या नेकमध्ये रॉड फिरवायचा नट नेकच्या बुडाशी दडलेला असतो आणि त्यासाठी बहुधा नेक उतरवावा लागतो. मग माणूस ते काम पुढे ढकलत राहतो आणि वाकलेल्या नेकवरच वाजवत बसतो. गिब्सनमधल्या थॅडियस मॅकह्यूला ट्रस रॉडचं पेटंट मिळालं 1923 साली. रॉडचं काम तेव्हापासून तेच आहे, पण तिथवर हात पोचणं आता खूप सोपं झालंय.

तारांचा 45-105 चा संच (हे आकडे बारीक आणि जाड तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात) सुरात लावला की चारही तारांची ओढ मिळून 80 किलोच्या आसपास जाते. नेक पुढे वाकू पाहतो आणि रॉड त्याला मागे धरून ठेवतो. पण नेक पट्टीसारखा सरळही नको. तार मधोमध सगळ्यात जास्त थरथरते, आणि जाड ई तारेचा झोका तर चांगलाच मोठा असतो. तिला जागा मिळावी म्हणून नेकला किंचित खोलगटपणा ठेवतात, तोच रिलीफ. फेंडरच्या सेटअपच्या मापांत साडेनऊ ते बारा इंची रेडियसच्या (नेकच्या दर्शनी बाजूच्या गोलाईच्या) बास नेकसाठी तो 0.012 इंच, म्हणजे साधारण 0.3 मिमी दिलाय. माझा बास याच मापावर सगळ्यात छान बोलतो.

हे माप अंदाजाने घेऊ नका. आधी बास पूर्ण सुरात लावा आणि वाजवताना धरतो तसाच धरा, कारण पाठीवर आडवा ठेवला की स्वतःच्या वजनानेही माप बदलतं. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर ई तार दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पात्यांच्या संचाची) 0.30 मिमीची पाती सरकवून बघा. तार उचलली न जाता पाती जेमतेम घासत गेली पाहिजे. फट जास्त असेल तर रॉड घट्ट करायचा, कमी असेल तर सैल. बास मांडीवर असताना घड्याळाची दिशा आठवत बसण्यापेक्षा एक सोपी खूण सांगतो. उजव्या हाताने वाजवायच्या माझ्या बासवर स्क्रूड्रायव्हर जाड ई तारेकडून सगळ्यात बारीक ‘जी’ तारेकडे ढकलला की रॉड घट्ट होतो, उलट ढकलला की सैल. एका वेळी एक अष्टमांश फेरा, फार तर पाव. मग पुन्हा सूर लावून मोजा. आणि दुसऱ्या दिवशी परत मोजा, कारण लाकूड सावकाश बसतं. घट्ट करताना मी ई आणि ए तारा थोड्या उतरवतो. चाक जड वाटलं तर तिथेच थांबायचं, जोर लावायचा नाही.

दमट दिवसांत माझा नेक पुढे झुकतो, कोरड्या हवेत सरळ होतो. प्रत्येक लाकडाची खोड वेगळी, त्यामुळे तुमच्याकडे उलटंही होईल. रॉडची खरी परीक्षा झाली ती मी 40-95 चा हलका संच चढवला तेव्हा. ओढ कमी झाली, नेक मागे गेला आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर ई तार खडखडायला लागली. चाक सैल केलं. मधे काही अंतर ते अगदी मोकळं फिरलं, काहीच घडत नव्हतं, आणि मग पुन्हा पकड जाणवली. हा दुहेरी रॉड आहे, उलट्या बाजूने फिरवला की नेकला पुढेही ढकलतो. नेकला फक्त मागे ओढणारा एकेरी रॉड इथे हतबल झाला असता. दुसऱ्या दिवशी पाती बरोबर बसली आणि त्या फ्रेटवर ई तार पुन्हा मोकळी, गोल वाजायला लागली. तो आवाज ऐकून फार समाधान वाटलं.

फक्त तारेची उंची कमी करायला रॉड पिळू नका, त्यासाठी ब्रिजवरचे सॅडल (बॉडीवर तारा टेकतात ते तुकडे) आहेत. बाराव्या फ्रेटच्या पुढेच खडखड असेल, एकाच फ्रेटवर असेल किंवा फक्त मोकळी तार वाजवताना असेल, तर कारण बहुतेक दुसरीकडे सापडतं: सॅडल, उचललेला फ्रेट किंवा नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची, म्हणजे नटची, खाच. आधी रिलीफ, मग उंची, शेवटी इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर येणं). हा क्रम मी मोडत नाही.

दोन गोष्टी खटकल्या. चाकाभोवतीची जागा इतकी अरुंद आहे की स्क्रूड्रायव्हर बॉडीच्या कडेला घासतो, म्हणून मी जाड पुठ्ठा मधे ठेवतो. आणि सोबतच्या पुस्तिकेत रिलीफचं मापच नाही, जे पहिल्या पानावर हवं होतं.

असा बास वापरलेला घेत असाल तर मालकाला विचारून चाक दोन्ही बाजूंना थोडं फिरवून बघा. घट्ट करायच्या बाजूला ते आधीच टोकाला गेलेलं असेल आणि नेक तरीही पुढे झुकलेला असेल, तर तो बास घेऊ नका.