टॅस्कॅम 424 पोर्टास्टुडिओ: दोन वर्षं वापरून झाल्यावर

आधीच सांगतो, घेतला तेव्हा हा चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर चालत नव्हता. मी तोक्योत राहतो, इथे हार्ड ऑफ नावाची जुन्या वस्तूंची दुकानं आहेत आणि त्यांत एका बाजूला जंकचे रॅक असतात, म्हणजे चालेल याची खात्री नाही, परत घेणार नाही, पटलं तर न्या. तिथून 11,000 येनला उचलला. घरी येऊन प्ले दाबलं तर मोटर फिरतेय पण टेप जागची हलत नाही, उघडून बघितलं तर कॅपस्टनचा, म्हणजे टेप ओढणाऱ्या दांड्याचा, बेल्ट वितळून अक्षरशः डांबर झालेला. जुन्या कॅसेट मशीनमध्ये हे होतंच. पुलीवरचं ते काळं चिकट साफ करण्यात दोन संध्याकाळी गेल्या, नवा बेल्ट ऑनलाइन मागवून घातला आणि मग जे काही चालायला लागलं ना, तेव्हापासून आमच्या घरातलं सगळं गाणं याच्यावरच रेकॉर्ड होतंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टॅस्कॅम म्हणजे तोक्योच्याच टीॲक कंपनीचा ब्रँड. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, म्हणजे वेगवेगळे घेऊन नंतर एकत्र वाजवता येणारे चार आवाज, आणि त्यालाच जोडलेला मिक्सर असं पहिलं मशीन, पोर्टास्टुडिओ 144, यांनी 1979 ला काढलं, 424 हे नंतरचं, नव्वदच्या दशकातलं. साधी कॅसेट एका बाजूला दोन ट्रॅक वाजवते आणि उलटली की दुसरे दोन, इथे चारही ट्रॅक एकाच दिशेने चालतात आणि वेगही दुप्पट ठेवता येतो, सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर. त्यामुळे आवाज चांगला येतो पण साठ मिनिटांच्या कॅसेटवर फक्त 15 मिनिटं बसतात. एका अभंगाला भरपूर झाली.

खरी मजा आणि खरी डोकेदुखी अभंगातच आहे. तानपुरा, पेटी, तबला, टाळ, गाणारा, म्हणजे पाच झाले आणि ट्रॅक चार. मग काय करायचं तर तानपुरा, पेटी, तबला एक-दोन-तीनवर घ्यायचे, तिघांचं मिक्स करून चौथ्यावर उतरवायचं, याला बाउन्स म्हणतात, आणि पहिले तीन मोकळे करून त्यावर गायन, टाळ आणि मागचे पाठ म्हणणारे. पण एकदा ट्रॅक पुसून पुढे गेलात की तबला कमी राहिला म्हणून वाढवता येत नाही, राहिला तो राहिला. सासूबाई साताऱ्याहून तीन महिने आल्या होत्या तेव्हा त्यांचा एक अभंग घेतला, बाउन्समध्ये मी पेटी जरा जास्त ठेवली आणि आता त्यात डग्गा शोधावा लागतो. त्या परत गेल्या, आवाज मात्र सुंदर आलाय त्यामुळे ते रेकॉर्डिंग तसंच जपून ठेवलंय. तेव्हापासून बाउन्स करायच्या आधी स्पीकरवर, हेडफोनवर आणि शेजारच्या खोलीतून असं तीनदा ऐकतो.

टाळाबद्दल वेगळं सांगतो. कॅसेटवर वरच्या पट्टीतले तीक्ष्ण आवाज फार लवकर फाटतात, मीटर नीट दाखवत असतं आणि टाळ मात्र चिरका येतो. गाणं मी मीटरवर 0 च्या आसपास ठेवतो, क्वचित +3 पर्यंत जाऊ देतो, टाळ मात्र -6 च्या वर जाऊ देत नाही आणि माइक पाच-सहा फूट लांब.

आता डीबीएक्स. टेपची खरखर घालवणारी ही सिस्टीम यात आहे आणि ती कमालीची चांगली आहे, तानपुरा एकटा चालू असताना मागे शांतता असते. पण ती रेकॉर्ड करताना आवाज निम्म्याने दाबते आणि वाजवताना दुप्पट उलगडते, म्हणजे हेडवर, टेपवर आवाज उमटवणाऱ्या आणि वाचणाऱ्या भागावर, घाण बसून 2 डेसिबल गळाले तर कानाला 4 डेसिबल गळालेले ऐकू येतात. म्हणून साफसफाई, साफसफाई आणि साफसफाई. मी दर चार-पाच तासांनी हेड आणि कॅपस्टनचा दांडा पुसतो, इथे औषधाच्या दुकानात मुसुई एथानॉल, म्हणजे बिनपाण्याचं अल्कोहोल, मिळतं, भारतात 99 टक्केवालं आयसोप्रोपिल घ्या, आणि कान साफ करायच्या काड्या. काडीवर तपकिरी रंग यायचा थांबेपर्यंत पुसायचं. टेप कॅपस्टनवर दाबून धरणारा पिंच रोलर रबराचा आहे त्याला अल्कोहोल नको, ओलसर कापड बास. अधूनमधून डीमॅग्नेटायझर, म्हणजे हेडमध्ये साठलेलं चुंबकत्व घालवायचं यंत्र, पण फिरवतो, मशीन बंद करून, कॅसेटी दुसऱ्या खोलीत ठेवून, आणि तो चालू-बंद मशीनपासून हातभर लांबच करायचा, हेडजवळ बंद केलात तर उलट हेडच चुंबकीय होऊन बसतं.

मिक्सर साधा आहे, ट्रिम (येणारा आवाज किती घ्यायचा), टोन, पॅन (डावी-उजवीकडे), फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकती पट्टी), कळायला अर्धा तास. फॅन्टम पॉवर, म्हणजे माइकला वायरीतूनच वीज देण्याची सोय, नाही त्यामुळे कंडेन्सर माइकला वेगळा सप्लाय लागतो. जुन्या फेडरमधून चर्रर्र येतं, त्यात कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीस-तीस वेळा वरखाली करा. गंजाचा स्प्रे कृपया मारू नका, आतलं ग्रीस धुऊन जातं.

एक गोष्ट खास आपल्या गाण्यासाठी. टेपचा वेग थोडा कमीजास्त करणाऱ्या पिच कंट्रोलचा खटका मधोमध आहे ना हे रेकॉर्डिंगच्या आधी बघा. माझा एकदा सरकलेला राहिला, दुसऱ्या दिवशी मधोमध आणून लावलं तर तबला काळी एकला मिळवलेला आणि टेपवरची पेटी भलत्याच सुरात. वेग 6 टक्के बदलला की सूर अख्ख्या एका पट्टीने सरकतो, आणि त्याहून कमी सरकला तर पेटीला मध्ये कुठे जाताच येत नाही.

कॅसेटचं दुखणं मोठं आहे. हे मशीन टाइप टू म्हणजे क्रोम कॅसेटसाठी बनवलंय आणि आता दुकानात नव्या मिळतात त्या बहुतेक टाइप वन. त्यावर घेऊन बघितलं, आवाज कोंदट येतो, तबल्याची चाट मरते. जुन्या न उघडलेल्या टीडीके एसए किंवा मॅक्सेल एक्सएलटू शोधाव्या लागतात आणि त्यांचे भाव चढेच आहेत. 120 मिनिटांची टेप फार पातळ असते, ती घालूच नका. आणि ही कॅसेट घरच्या टेपरेकॉर्डरवर लावायची नाही, अर्ध्या वेगाने वाजते आणि उलटली तर तीन-चार ट्रॅक उलटे वाजतात. सासूबाईंना वेगळी स्टिरिओ कॉपी करून पाठवावी लागली.

माझ्याकडून पाचपैकी चार, एक तारा कॅसेटच्या महागाईचा कापला. दर आठवड्याला पुसायचा कंटाळा असेल तर घेऊ नका, खरंच. घ्यायला जाल तेव्हा एक कॅसेट आणि हेडफोन बरोबर न्या, चारही ट्रॅकवर काहीतरी बोलून परत ऐका, रिवाइंड शेवटपर्यंत ओढतं का ते बघा. जपानचा पीस भारतात नेणार असाल तर याचा अडॅप्टर 100 व्होल्टचा असतो, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आधी घ्या आणि मगच प्लग लावा.